परीक्षेपुरती पेशंट

३ फेब्रुवारी

आज सकाळपासून आठ वेळा माझी जगण्याची इच्छा संपली. आठही वेळा कागदाबरहुकूम!

मेडिकल कॉलेजात परीक्षेचा सराव होता. खरे रुग्ण परीक्षेला बसवले तर ते एकाला एक सांगतात, दुसऱ्याला दुसरंच, मग कंटाळून चहा प्यायला निघून जातात. म्हणून आमच्यासारखे खोटे पेशंट. नेमून दिलेलं दुखणं पाठ करायचं आणि खोलीत बसून राहायचं. घंटा झाली की एक विद्यार्थी आत येतो, सात मिनिटं विचारपूस करतो. पुन्हा घंटा. तो बाहेर, पुढचा आत. कोपऱ्यात मोठे सर मार्कांचा तक्ता घेऊन बसलेले. नाटक कंपनी बंद पडल्यापासून मिळालेलं हे पहिलं बरं काम. कंपनीत मी आयुष्यभर मोलकरणी आणि आत्याबाई केल्या. इथे निदान सगळा प्रवेश माझा असतो.

आम्हाला शिकवायला एक बाई आहेत, काखेत कायम फाइल. त्यांचा नियम एकच — कागदावर आहे तेवढंच बोलायचं. कागदावर नाही ते कुणी विचारलं तर उत्तर 'नाही'. तुमचा स्वतःचा गुडघा दुखत असेल तर तो घरी ठेवून या, म्हणतात.

आजचा कागद नैराश्याचा होता. एक पोरगा फार छान बोलला. खुर्ची पुढे ओढली, डोळ्यांत बघितलं, आवाज खाली आणला. "तुम्हाला किती जड जात असेल, मला समजतंय." मोठ्या सरांनी त्याला पैकीच्या पैकी दिले. मी त्याचं नाव गोडबोल्या ठेवलंय. आमच्या कंपनीत असता तर थेट नायक झाला असता.

मला मात्र मोठे सर म्हणाले, "बाई, रडणं जरा कमी करा. खऱ्या पेशंट अशा रडत नाहीत."

मी मान डोलावली. आता यांना काय सांगणार? याच कॉलेजच्या दवाखान्यात, मागच्या जुन्या इमारतीत, मी कित्येक वर्षं माझ्या गोळ्या न्यायला येते. तिथे मी खरी पेशंट. इथे कुणाला पत्ता नाही, आणि लागला तर हे काम गेलंच म्हणून समजायचं.

५ फेब्रुवारी

जिना चढताना पुन्हा तेच. छातीवर कुणी गुडघा रोवून बसल्यासारखं, आणि कळ सरळ वर जबड्यात. थांबले की जाते. लिफ्टवर पाटी — फक्त स्टाफसाठी.

७ फेब्रुवारी

आज घरी सांगितलं. नसतं सांगितलं तर बरं झालं असतं.

भावजय पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "वन्सं, गोळ्या वेळेवर घेताय ना?" या घरात मी कशालाही काहीही म्हटलं तरी उत्तर तेच. भाजी खारट झाली म्हटलं — गोळ्या घेतल्या का? जोरात हसले — गोळ्या घेतल्या का? परवा नळ गळतो म्हणून सांगितलं, तर धाकट्या भावाने आधी माझ्याकडे बघितलं आणि मग नळाकडे! आज तोही पेपरातून डोकं वर न काढता म्हणाला, "ताई, झोप नीट होते ना तुझी?"

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. पंचविशीत मी दोनदा ॲडमिट होते. पहिल्या खेपेला रात्र-रात्र झोपले नव्हते, आणि स्वयंपाकघरातली भांडी शेजारीपाजारी वाटून टाकली होती, अगदी हसतमुखाने. धाकट्याने दारोदार जाऊन ती परत मागून आणली. शाळेच्या वयाचा होता बिचारा. ती लाज अजून त्याच्या चेहऱ्यावर आहे. पण त्यानंतर गोळी कधी चुकवली नाही मी. इतकी वर्षं सरळ चालतेय. सरळ चालणाऱ्या माणसाच्या छातीत दुखू नये का?

१० फेब्रुवारी

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. आमच्या घरच्या सगळ्या खोकल्यांचे हे जुने जाणकार. मला बघताच विचारलं, "मागच्या इमारतीतलं औषध चालू आहे ना?" मग स्टेथोस्कोप टेकवल्यासारखा केला आणि पित्ताच्या गोळ्या दिल्या. म्हणे मी बोलताना हवा फार गिळते.

१२ फेब्रुवारी

माझ्या गोळीच्या डॉक्टरांनी मात्र सगळं ऐकून घेतलं. म्हातारा माणूस. यांना सगळ्या कॉलेजात हसतात. यांच्या खोलीतला पंखासुद्धा दुसऱ्या विभागाने टाकून दिलेला आहे. म्हणाले, हे मनाचं वाटत नाही मला, मेडिसिनच्या ओपीडीत दाखवा. स्वतः चिठ्ठी लिहून दिली. वर बजावलं — तिथे कुठलंही नवं औषध सुरू केलं तर तुमची ही गोळी आधी सांगा, दोन्ही एकत्र झेपतीलच असं नाही. आणि गोळी आपल्या मनाने बंद तर मुळीच करायची नाही. परवापासून ते रजेवर जाणार आहेत. डोळ्याचं ऑपरेशन.

१३ फेब्रुवारी

आजचा दिवस लिहून काढला नाही तर झोप लागणार नाही.

मेडिसिनची ओपीडी. टेबलामागे एक तरुण डॉक्टर, आणि शेजारी शिकायला उभा कोण? गोडबोल्या! मला आधी हसूच आलं. म्हटलं चला, ओळखीचं माणूस भेटलं. दहा दिवसांपूर्वी याने माझ्या डोळ्यांत बघितलं होतं, याला माझं दुःख समजलं होतं. आता निदान खुर्ची तरी पुढे ओढेल.

त्याने मला ओळखलं नाही. चिठ्ठी घेतली, वरचा मानसविभागाचा शिक्का वाचला, गोळीचं नाव वाचलं आणि वळून म्हणाला, "सर, सायकची आहे."

माझ्या देखत. जशी काही मी खोलीत नव्हतेच.

तरुण डॉक्टर प्रेमळ होते हो. "मावशी, घरी काही टेन्शन आहे का? सुनेशी पटत नाही का?" म्हटलं मला सून नाही. "मग एकट्या असता का?" मी म्हटलं, जिना चढताना — तोवर त्यांचं लिहून झालं होतं. परत मानसविभागात पाठवावे. जिथून आले तिथेच! एकाने टोलवायचं आणि दुसऱ्याने परत मारायचं, चेंडूला कोण विचारतो.

बाहेर पडद्याआड चपलेचा बंद लावत होते, तेव्हा कानावर आलं. तरुण डॉक्टर शिकवत होते. "ही गोळी दिसली ना, की पुढचं ऐकत बसायचं नाही. यांना छातीत दुखतं, पोटात दुखतं, केसांतसुद्धा दुखतं." गोडबोल्या मनापासून हसला. परीक्षेतल्यापेक्षा चांगला.

आत जाऊन चार शब्द सुनवायला हवे होते. पण मी सुनवलं असतं तर काय लिहिलं असतं तेही मला माहीत आहे — पेशंट आक्रमक. म्हणून मूग गिळून घरी आले. राग आला की दाखवायची सोय नाही, रडू आलं की नाही, हसू आलं तर मुळीच नाही.

२० फेब्रुवारी

सराव. कागद — मूळव्याध. आज कुणाला माझं दुःख समजलं नाही, बरं वाटलं.

मधल्या सुट्टीत मुलं पलीकडच्या बाकावर गप्पा मारत होती. आम्ही खोटे पेशंट म्हणजे त्यांना टेबल-खुर्च्यांसारखे, समोर काहीही बोलतात. पुढे कोण काय घेणार यावर चाललं होतं. एकाला हाडं हवीत, एकीला लहान मुलं. कुणीतरी मानसोपचाराचं नाव काढलं तर हशा. "ते घेतलं तर माझे बाबा घरात घेणार नाहीत." दुसरा म्हणाला, तिथले डॉक्टर आणि पेशंट सारखेच, चावी ज्याच्या खिशात तो डॉक्टर. मग त्यांच्या वर्गातल्या एका मुलीचा विषय निघाला. ती हॉस्टेलची खोली बंद करून आठवडाभर पडून होती, आता घरी नेलंय. एकजण म्हणाला, परीक्षा जवळ आली की बऱ्याच जणींना होतं असं. पुन्हा हशा.

मी बघत होते. एवढी हुशार पोरं! शरीरातलं हाड न् हाड पाठ. आणि वर्गातल्या पोरीबद्दल बोलताना पारावरच्या रिकामटेकड्यांपेक्षा वेगळं काही नाही. नाकाने कांदे सोलायला मात्र सगळे तयार. एक सर्दीवाली मुलगी तेवढी हसत नव्हती, पुस्तकात डोकं घालून नाक पुसत होती. तिला कायमच सर्दी असते.

२६ फेब्रुवारी

आता पहिल्या मजल्यावरच कळ येते. भावजयीला कळू नये म्हणून कपडे वाळत घालायचं निमित्त करून गच्चीच्या जिन्यात थांबते.

३ मार्च

लिहायला बसता येतंय हेच नशीब. दवाखान्यात आहे. सगळं क्रमाने लिहिते.

आज परीक्षा होती. माझा कागद — घाबरेपणा. नवरा गेल्यापासून गर्दीत छाती धडधडते, दडपल्यासारखं होतं, हात गार पडतात, आता मरते की काय असं वाटतं. मुलांनी ओळखायचं की हा मनाचा आजार, आणि धीर द्यायचा. हॉल वरच्या मजल्यावर. मी दर जिन्यावर थांबत पोचले.

गोडबोल्या आला. तेच वाक्य, तीच मान तिरकी. मोठ्या सरांनी तक्त्यावर टिचक्या मारल्यासारख्या खुणा केल्या, वरपासून खालपर्यंत.

मग सर्दीवाली. आली ती नमस्कार करायलाच विसरली, तिथेच एक मार्क गेला. माझ्याकडे न बघता विचारत होती. छातीत काय होतं? धडधडतं. आणखी काय? दडपल्यासारखं होतं. मग म्हणाली, "हे बसल्या जागी होतं, की चालता-चढताना?"

कागदावर नव्हतं. नियमाप्रमाणे 'नाही' म्हणायचं. पण या प्रश्नाला 'नाही' म्हणता येतच नाही! आणि खरं सांगू? हे मला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. ना घरी, ना कोपऱ्यावर, ना ओपीडीत. इतक्या दिवसांत एवढा साधा प्रश्न कुणाच्या तोंडात आला नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "जिना चढताना. थांबलं की जातं."

तिने रुमाल मांडीवर ठेवला. पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"कळ अजून कुठे जाते?"

"जबड्यात."

"वाढलंय का?"

"आधी वरच्या मजल्यावर यायची. आता पहिल्यावरच येते."

ती सरांकडे वळून म्हणाली, सर, हे हृदयाचं आहे, आधी कार्डिओग्राम काढायला हवा. सर म्हणाले, पेशंट घाबरलेली आहे, तिला धीर दे. ती म्हणाली, धीर मग देते. घंटा झाली. ती गेल्यावर सरांनी तक्त्यावर दोन फुल्या मारल्या आणि मलाच म्हणाले, "बघा बाई, या पोरांना मनाचा आजार म्हणजे काय ते कळतच नाही."

चहाच्या सुट्टीत तिने मला जिन्यात गाठलं. ते कागदावरचं नव्हतं ना, म्हणाली. मी म्हटलं, कागदावरचंच होतं. तर म्हणाली, "मी आत्ता बाईंच्या फाइलमधला कागद बघून आले. त्यात जबडा नाही." मग माझं कोपर धरलं ते कॅज्युअल्टीपर्यंत सोडलं नाही.

कार्डिओग्राम निघाला आणि पळापळ सुरू झाली. एक डॉक्टर कागद घेऊन भराभर विचारत होता. वय? कधीपासून? आधीचा काही आजार? कुठल्या गोळ्या चालू?

पेन कागदावर टेकवून थांबला. सर्दीवाली शेजारी उभी होती. ओपीडीतला पडदा आठवला, ते हसणं आठवलं.

म्हटलं, "नाही."

सकाळी नियम मोडला आणि दुपारी पाळला. दोन्ही वेळा जीव वाचवायलाच. आता मला आत नेणार आहेत.

५ मार्च

नळी घालून झाली. एक शीर जवळजवळ बंदच होती, तिथे स्टेंट बसवलाय. सर्दीवालीने काचेतून सगळं बघितलं म्हणे. अजून थोडे दिवस गेले असते तर बाई हाती लागल्या नसत्या, असं मोठे डॉक्टर विद्यार्थ्यांना सांगत होते.

काय ही बडदास्त! दर तासाला कुणीतरी येतं. मावशी, दुखतंय का? मी म्हणते थोडंसं, तर लगेच धावाधाव. मी जे सांगते ते लिहून घेतात! आणि मोठे डॉक्टर काय म्हणाले? "इतके दिवस अंगावर काढलंत. आधी का नाही आलात?"

हसावं की रडावं. दोन्हींतलं काही केलं नाही. इथे मी शहाणी आहे.

६ मार्च

भावजय आली होती. रडली. म्हणाली, वन्सं, आम्ही लक्ष दिलं नाही. मी म्हटलं, जाऊ दे. मग तिने इकडेतिकडे बघून पावडरच्या डब्यातून माझ्या गोळ्या काढल्या. तिला सांगितलं, मी इथे कुणाला बोलले नाही. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "नका बोलू. आत्ता कुठे तुमच्याकडे माणसासारखं बघताहेत." इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमचं एकमत झालं.

पण गोळ्या घेतल्या नाहीत. नवी औषधं चालू आहेत, दोन्ही मिळून काय होईल कोण जाणे. माझे डॉक्टर रजेवर. विचारायचं तर सांगावं लागेल. आगीतून निघून फुफाट्यात आले.

७ मार्च

सर्दीवाली आली. आज रुमाल नव्हता! माझा कार्डिओग्राम घेऊन ती मोठ्या सरांकडे गेली होती. आधी ऐकेनात, मग कार्डिओग्राम बघावाच लागला. आता सोमवारी तिघे सर बसून तिचे मार्क पुन्हा ठरवणार. माझी साक्ष हवी. मी स्वतःचं खरं दुखणं सांगत होते, एवढंच बोलायचं. मी म्हटलं, हजारदा बोलेन. ती माझ्या पलंगावरच बसली, चपला काढून, घरच्यासारखी. "मावशी, मला तुमच्या आवाजावरूनच कळलं होतं, ही बाई खरं बोलतेय."

ती गेल्यावर मी भिंतीकडे तोंड करून रडले. किती वर्षांनी असं वाक्य ऐकलं.

८ मार्च

पहाटेच जाग आली आणि किती ताजंतवानं वाटलं! शेजारच्या पलंगावरच्या बाईला कंपनीतल्या सगळ्या नकला करून दाखवल्या. ती आधी हसली, मग म्हणाली मला जरा पडू द्या. मी तरी बोलतच राहिले. नर्सला म्हटलं या पडद्यांना सुरेख कापड आणून देते, स्वतः शिवते. आणि तिचा चेहरा बघून एकदम गार पडले.

मला हे छान वाटणं ओळखीचं आहे. भांडी वाटली त्याच्या आधी अस्संच वाटलं होतं.

आता सांगायलाच हवं. हृदय वाचलं आणि डोकं गेलं तर मी पुन्हा मागच्या इमारतीत जाईन, आणि या वेळी धाकट्याला काय काय परत मागत फिरावं लागेल, देव जाणे. पण या डॉक्टरांना माझ्या तोंडाने सांगवत नाही. उद्या सर्दीवाली येईल. आधी तिला सांगते. तिने नीट समजावून सांगितलं तर ऐकतील. तिने तरी माझं ऐकलंय.

९ मार्च

सांगितलं. गोळीचं नाव, किती वर्षं, दोनदा ॲडमिट — सगळं. ती पलंगावर बसली होती. उठली, चपला घातल्या, खुर्चीत जाऊन बसली. म्हणाली, डॉक्टरांना आत्ताच सांगते, गोळी बंद राहायला नको.

जाताना दारातून परत आली. हळूच म्हणाली, "मावशी, त्या दिवशी छातीत खरंच दुखत होतं ना?"